लहान मुलांचं 'माइल्ड' बॉडीवॉश: बाटलीमागचे घटक खरंच सौम्य असतात का?

कॉलेजरोडची_आई

नमस्कार मंडळी. लेक दोन वर्षांची आहे. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की इकडे हिची नडगी आणि कोपरं खरखरीत होतात, रात्री खाजवून खाजवून झोपमोड होते. बालरोगतज्ज्ञांनी साधा साबण बंद करून 'सोप-फ्री' लिक्विड वापरायला सांगितलं. घरी सासूबाईंचं म्हणणं, डाळीचं पीठ आणि साय असताना बाटली कशाला.

मी बाटली आणली आणि मागचं वाचत बसले. पाणी, कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड, ग्लिसरीन, सोडियम लॉरेथ सल्फेट, सायट्रिक आम्ल, फिनॉक्सिइथेनॉल, परफ्यूम. एका ठिकाणी वाचलं की बीटेन नारळापासून बनतं म्हणून सुरक्षित. दुसरीकडे त्याच बीटेनला ॲलर्जी आणणारं म्हटलंय. सल्फेटबद्दल तर कॅन्सरपर्यंत मजल गेली आहे.

एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी यातलं काय चालतं, काय टाळावं? ज्यांना खरी माहिती आहे किंवा अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं 'केमिकल नकोच' असं लिहू नका, ते ऐकून झालंय.

पंचवटीची_आजी

बाळा, माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं डाळीच्या पिठावर वाढली. आधी कोमट खोबरेल जिरवायचं, मग पीठ, साय आणि चिमूटभर हळद, आणि ऊन पाणी. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाय लांब करून बसायच्या, पोर पायावर पालथं. कुणाला काही झालं नाही. तुझ्या सासूबाईंचं ऐकून बघ.

सातपूरचा_भाऊ

आजींना अनुमोदन. पण आजी, दोन वर्षांचं पोर आता पायावर पालथं राहत नाही हो. आमचं तर आधी प्लॅस्टिकच्या हत्तीला अंघोळ घातल्याशिवाय मोरीत पाय ठेवत नाही.

अंबडचा_रसायनवाला

मी अंबड एमआयडीसीत साबण-शाम्पूच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मळ तेलाला चिकटलेला असतो आणि तेल पाण्यात जात नाही. साफ करणाऱ्या घटकाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. असे बरेच रेणू एकत्र येऊन गोळे करतात आणि मळ त्यात अडकून वाहून जातो. अडचण अशी की त्वचेच्या वरच्या थरात स्वतःचीही स्निग्धता असते, आणि ती व मळ यांत या रेणूंना फरक कळत नाही. शिवाय काही रेणू त्वचेच्या प्रथिनांना चिकटून बसतात. मग ओढल्यासारखं होतं, कोरडं पडतं, खाज सुटते.

आता तुमची यादी. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, हा या घराण्यातला तिखट भाऊ. त्वचेचे संशोधक मुद्दाम जळजळ निर्माण करून तुलना करायची असेल तेव्हा हाच वापरतात. तुमच्या बाटलीत आहे ते लॉरेथ सल्फेट, नाव जवळचं पण स्वभाव बराच मवाळ. बीटेन त्याहून मवाळ, आणि मुख्य म्हणजे ते सल्फेटबरोबर मिसळलं की गोळे मोठे आणि घट्ट होतात, सुटे रेणू कमी उरतात, त्यामुळे सल्फेटचाही त्रास कमी होतो. डेसिल ग्लुकोसाइडवर विद्युतभारच नसतो, ते प्रथिनांना फारसं चिकटत नाही.

म्हणून एकेक नाव सुटं काढून 'हे वाईट, ते चांगलं' अशी यादी करण्यात अर्थ नाही. किती टक्के आहे, कशाबरोबर आहे, पीएच (आम्ल-अल्कधर्मी पातळी) किती आहे आणि अंगावर किती वेळ राहतं, यावर सगळं ठरतं.

कॅन्सरचं म्हणाल तर सल्फेटमुळे कॅन्सर होतो या दाव्याला आधार नाही. लॉरेथ बनवताना डायऑक्सेन नावाचा उपपदार्थ अतिशय थोड्या प्रमाणात राहू शकतो, तो निर्वात प्रक्रियेने काढून टाकता येतो. ती काळजी कारखान्याने घ्यायची असते आणि ती घेतली जाते की नाही हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

मेरीवासी

काका, यादीतल्या क्रमावरून प्रमाण कळतं ना?

अंबडचा_रसायनवाला

अर्धवट कळतं. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारा घटक, त्याची मर्यादा बऱ्याच देशांत एक टक्काच आहे, त्यामुळे ते दिसलं की त्यापुढचे घटक साधारण त्याच पातळीचे किंवा त्याहून कमी असं मी धरतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात बदाम आणि केशर, आणि मागे ते फिनॉक्सिइथेनॉलच्याही नंतर, असं दिसलं तर काय ते समजून घ्या.

इंदिरानगरची_मैथिली

पण मग बीटेनला ॲलर्जीवालं म्हणतात ते खोटं का? मी नीट वाचलंय, अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं होतं. आणि तुम्ही ज्याचं कौतुक करताय त्या ग्लुकोसाइडच्या गटाला २०१७ साली. मुलांच्या अंगाला हेच लावायचं?

नाशिकरोडची_त्वचातज्ज्ञ

मैथिली, माहिती बरोबर आहे. त्यातून काढायचा अर्थ मात्र थोडा वेगळा.

जळजळ आणि ॲलर्जी या दोन निराळ्या गोष्टी. जळजळ कुणालाही होऊ शकते, घटक तिखट असला, जास्त लागला, जास्त वेळ राहिला की होते. ॲलर्जी थोड्याच जणांना होते, पण एकदा शरीराने तो घटक लक्षात ठेवला की अगदी कमी प्रमाणातही त्रास होतो. बीटेन आणि ग्लुकोसाइड जळजळीच्या बाबतीत सौम्य आहेत, तरी काहींना त्यांची ॲलर्जी असते. बीटेनच्या बाबतीत तर दोष बऱ्याचदा बनवताना मागे राहिलेल्या अशुद्धींचा असतो, म्हणजे कच्चा माल जितका शुद्ध तितका धोका कमी. 'वर्षाचा ॲलर्जन' ही घोषणा डॉक्टरांनी त्या घटकाकडे लक्ष द्यावं म्हणून असते. ती बंदी नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांत मला साफ करणाऱ्या घटकाइतकीच, किंबहुना जास्त, काळजी दोन गोष्टींची वाटते. पहिली सुगंध. यादीत नुसतं 'परफ्यूम' लिहिलं की त्यामागे कितीही पदार्थ असू शकतात. दुसरी परिरक्षकं, त्यातही मिथाइलआयसोथायाझोलिनोन. ते २०१३ चं 'वर्षाचं ॲलर्जन' होतं आणि युरोपने पुढे अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली, धुऊन टाकायच्या उत्पादनांत १५ पीपीएमची (दहा लाख भागांत १५ भाग) मर्यादा ठेवली. ओल्या पुसण्यांच्या (वाइप्सच्या) पाकिटावर हे नाव शोधा, कारण पुसणी वापरून कुणी अंग धूत नाही, ते तसंच राहतं.

उलट पॅराबेन या ज्या परिरक्षकाला सगळे घाबरतात, त्याला याच संघटनेने २०१९ साली 'ॲलर्जन नसलेला' म्हणून गौरवलं. ॲलर्जीपुरतं बोलतेय मी. युरोपने तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी राहणाऱ्या क्रीममध्ये प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन नको म्हटलंय, ते वेगळ्या कारणाने आणि तेवढ्याच जागेपुरतं.

मूळ प्रश्नकर्त्या ताई, तुमच्या मुलीचं वर्णन इसबासारखं वाटतं, पण न बघता मी तसं म्हणणार नाही. झोपमोड होत असेल तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच. बॉडीवॉश बदलून इसब बरा होत नाही, फक्त चिडवणारं एक कारण कमी होतं.

सातपूरचा_भाऊ

डॉक्टर, हे छापून दवाखान्याबाहेर लावायला पाहिजे.

पंचवटीची_आजी

डाळीच्या पिठाचं कुणी बोललंच नाही. त्यात तर काही मिसळलेलं नसतं.

नाशिकरोडची_त्वचातज्ज्ञ

आजी, निरोगी त्वचेवर, हलक्या हाताने, घरी दळलेलं बारीक पीठ असेल तर माझी तक्रार नाही. जोरात चोळणं मात्र नको.

पण त्वचा फाटलेली, चिरा गेलेली असेल तर खायचे पदार्थ तिथे नकोत. फाटलेल्या त्वचेतून प्रथिनं आत गेली तर त्या पदार्थाचीच ॲलर्जी जडू शकते. जपानमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. तिथे चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे घातले होते. ज्या बायकांनी आयुष्यभर गहू खाल्ला त्यांना साबण वापरून गव्हाची ॲलर्जी झाली, सुमारे दोन हजार जणांना. २०११ मध्ये तो साबण परत घ्यावा लागला. साबण महागडा आणि 'चहायुक्त' होता, आणि त्रास देणारा घटक गव्हासारखा घरगुती.

पंचवटीची_आजी

फाटलेल्या अंगाला आम्हीही पीठ लावत नसू. तिथे खोबरेल नाहीतर तूप, आणि पीठ फक्त काखा, मान, जांघ इथे. मावशींना ते बरोबर कळायचं. हल्ली व्हिडिओत बघून मुलीबाळी अंगभर खसाखसा चोळतात, ते मलाही पटत नाही. आणि त्या व्हिडिओत लिंबूसुद्धा पिळतात! तान्ह्याच्या अंगाला लिंबू कुणी ऐकलंय का?

पिंपळगावचा_बागायतदार

आमचा प्रश्न वेगळा आहे. शहरातल्या मुलांना नुसतं पाणी पुरेल, आमचं पोरगं दिवसभर बागेत. फवारणी चालू असताना त्याला घरात ठेवतो, तरी बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) निळी भुकटी पानांवर, तारांवर असतेच. माती, गंधक, ट्रॅक्टरचं ग्रीस, सगळं अंगावर. काहीतरी लावल्याशिवाय निघत नाही. त्यात बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, अंगावर पांढरट थर बसतो. कितीही सौम्य म्हणा, अशा पाण्यात काय उपयोग?

अंबडचा_रसायनवाला

दादा, तुमच्याकडेच खरं तर सोप-फ्री जास्त उपयोगी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साध्या साबणाची त्याच्याशी गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. तोच तो पांढरा थर, तो बादलीलाही बसतो आणि पोराच्या अंगालाही. बीटेन किंवा ग्लुकोसाइडचं असं होत नाही. वडीच हवी असेल तर सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असलेली 'सिंडेट' वडी बघा, ती दिसायला साबण पण जातीने साबण नाही.

अजून एक. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या संशोधकांनी दाखवलंय की पाणी जितकं जड तितका एसएलएस त्वचेवर जास्त चिकटून राहतो. म्हणून बोअरच्या पाण्यात अंग दुप्पट वेळ धुवा, आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा.

मेरीवासी

मग घरात वॉटर सॉफ्टनर बसवावा का? एक विक्रेता इसब बरा होतो म्हणून मागे लागलाय.

नाशिकरोडची_त्वचातज्ज्ञ

इसबासाठी म्हणून नको. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर याची नीट चाचणी झाली, २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. सॉफ्टनर बसवलेल्या घरांतल्या मुलांना जास्त फायदा दिसला नाही. गिझर आणि नळ वाचवायला बसवायचा तर बसवा.

बागायतदार दादा, फवारणीच्या भुकटीबद्दल: मोरीत नेण्याआधी कपडे बाहेरच उतरवा, हात-तोंड आधी धुवा, डोळ्याकडे हात जायच्या आत. ग्रीसला आधी थोडं खोबरेल चोळून पुसून घ्या, मग लिक्विड. भांड्याचा साबण पोराच्या अंगाला अजिबात नको, बऱ्याच घरांत हे चालतं.

पिंपळगावचा_बागायतदार

खोबरेलाचं आजच करून बघतो. धन्यवाद डॉक्टर, धन्यवाद काका.

गंगापूररोडकर

डोंगरे वसतिगृह मैदानावर प्रदर्शन लागतं तिथे हाताने बनवलेले बकरीच्या दुधाचे साबण मिळतात. पूर्ण नैसर्गिक, त्यांच्याकडे लॉरेथ-बीटेन काही नाही. आम्ही तेच वापरतो, मुलाला काही त्रास नाही. शिवाय टीएफएम ७६ च्या वर.

अंबडचा_रसायनवाला

त्रास नसेल तर जरूर वापरा. पण टीएफएम म्हणजे त्यात स्निग्ध पदार्थ किती, त्यावरून साबणाची प्रतवारी ठरते. ७६ टक्के आणि वर असेल तर पहिली प्रत. साबण सौम्य आहे का हे त्यातून कळत नाही. तेल आणि कॉस्टिक यांच्यापासून बनलेला कोणताही खरा साबण, बकरीच्या दुधाचा असो की कडुनिंबाचा, अल्कधर्मीच असतो, पीएच साधारण ९ ते १०. त्वचेचा पीएच ५ च्या आसपास. निरोगी त्वचा तो फरक काही तासांत भरून काढते, कोरड्या त्वचेला ते जड जातं. पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात, ओल्या फेसाला लावून स्वतःच बघा.

इंदिरानगरची_मैथिली

मी शिकेकाई-रिठ्यावर आहे. ते तरी सौम्य ना?

अंबडचा_रसायनवाला

रिठ्यातलं सॅपोनिन हेसुद्धा साफ करणारंच रसायन आहे, झाडाने बनवलेलं. डोळ्यात गेलं की किती झोंबतं ते तुम्हाला माहीत असेल. मोठ्यांच्या केसांना उत्तम. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मी लावणार नाही.

सातपूरचा_भाऊ

डोळ्यांवरून आठवलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय की 'नो टीअर्स' शाम्पूत डोळे बधिर करणारं औषध असतं, म्हणून पोरं रडत नाहीत. खरं आहे का?

नाशिकरोडची_त्वचातज्ज्ञ

नाही. त्यात बधिर करणारं औषध नसतं. बीटेनसारखे घटक आणि मोठ्या रेणूंचे भाररहित घटक वापरले, पीएच अश्रूंच्या जवळ ठेवला, की डोळ्याला कमी झोंबतं, एवढंच. मात्र डोळ्याला झोंबत नाही म्हणजे त्वचेला कोरडं करत नाही, असं समजू नका.

सिडकोचा_बाबा

सगळं वाचलं. सौम्य बाटलीची किंमत बघून आमच्यासारख्याने काय करायचं ते कुणी लिहिलं नाही. जुळी मुलं आहेत. मी पंपाच्या बाटलीत निम्मं पाणी घालून हलवून ठेवतो, महिनाभर पुरते. पातळ झाल्याने आणखी सौम्यही होत असणार.

अंबडचा_रसायनवाला

बाबा, हे कृपया आजपासून बंद करा. या धाग्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. बाटलीतलं परिरक्षक तेवढ्याच मिश्रणापुरतं मोजून घातलेलं असतं. निम्मं पाणी घातलं की तेही निम्मं होतं, पीएच सरकतो, आणि नळाच्या पाण्याबरोबर आलेले जंतू मोरीतल्या उबेत वाढू लागतात. दिसायला, वासाला काही कळत नाही. तेच पाणी मग खाजवून सोललेल्या अंगावर जातं. पातळ करायचं तर तळहातावर घ्या, पाणी मिसळा आणि लगेच लावा.

नाशिकरोडची_त्वचातज्ज्ञ

काकांना पूर्ण अनुमोदन. बाबा, पैसे वाचवायचा सुरक्षित मार्ग आहे. दोन वर्षांच्या मुलाला रोज अंगभर लिक्विडची गरजच नसते. मान, काखा, जांघा, हात, पाय एवढ्यालाच रोज लावा, बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी. एका मुलाला वाटाण्याएवढे दोन थेंब पुरतात. फेस आला नाही तरी मळ निघतो. वाचलेले पैसे साध्या, बिनवासाच्या मॉइश्चरायझरवर घाला, ते जास्त कामाचं. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटपा, टिपून कोरडं करा आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

आणि अंघोळीच्या पाण्यात ओतायची महागडी तेलं विकत घेऊ नका. २०१८ साली ब्रिटनमध्ये इसबाच्या ४८३ मुलांवर त्याचीही चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराला त्याने काही भर घातली नाही.

सिडकोचा_बाबा

बाटली ओतून दिली. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मेरीवासी

'सल्फेट-फ्री' लिहिलेलं घेतलं की झालं, असं समजून मी एक घेतलं होतं. मागे सोडियम कोको सल्फेट लिहिलंय. ते काय?

अंबडचा_रसायनवाला

खोबरेलाच्या सगळ्या मेदांपासून एकत्र बनवलेलं सल्फेट. खोबरेलात लॉरिक आम्लाचा, ज्यापासून एसएलएस बनतो, वाटा सर्वांत मोठा, त्यामुळे त्यात एसएलएस मोठ्या प्रमाणात असतोच. 'सल्फेट-फ्री' म्हणून ते विकणं मला ग्राहकाची फसवणूक वाटते, आणि हे मी या धंद्यात राहून म्हणतोय.

गंगापूररोडकर

यावर सरकारचं लक्ष असतं का? २०२२ मध्ये जॉन्सन कंपनीच्या बेबी पावडरचं प्रकरण झालं होतं ते आठवतं. अन्न व औषध प्रशासनाने नमुने पुण्यातून आणि आपल्या नाशिकमधूनच घेतले होते ना?

इंदिरानगरची_मैथिली

हो. पीएच प्रमाणापेक्षा वेगळा आला म्हणून परवाना रद्द केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. म्हणजे चुकलं कोण यावर इथे वाद नको. माझा मुद्दा एवढाच की मुलांच्या वस्तू दुकानातून उचलून तपासता येतात. अंगावर पुरळ उठलं तर बाटली फेकू नका. बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वापरायची मुदत यांचे फोटो काढा, बिल ठेवा आणि प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. लोक व्हॉट्सॲपवर ओरडतात आणि तक्रार कुणीच देत नाही. आणि ज्या बाटलीवर यातलं काही छापलेलंच नाही ती प्रदर्शनातून असो की ऑनलाइन, घेऊच नका.

कॉलेजरोडची_आई

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. इसबच आहे, सौम्य प्रकारचा. कोपरांसाठी मलम दिलंय. बाटली बदलून बिनसुगंधी घेतली, त्यात बीटेन आणि ग्लुकोसाइड आहे, लॉरेथ नाही. सासूबाईंना आजींची पोस्ट वाचून दाखवली, त्या म्हणाल्या, फाटलेल्या अंगाला पीठ मी तरी कुठे लावा म्हटलं होतं!

एक राहिलंच. नवीन वस्तू आधी थोड्या जागेवर लावून बघायची असते ना? ती कशी करायची?

नाशिकरोडची_त्वचातज्ज्ञ

छान झालं. मलम सांगितलंय तितके दिवस पूर्ण लावा, बरं दिसलं म्हणून मध्येच सोडू नका.

मॉइश्चरायझर असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, निरोगी जागी, थोडंसं, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. धुऊन टाकायचं लिक्विड मात्र तसंच लावून ठेवू नका, ते सौम्य असलं तरी राहून राहून जळजळ करेल आणि तुम्हाला उगाच ॲलर्जी वाटेल. ते एका हाताला नेहमीसारखं लावून धुवा आणि काही दिवस त्या हाताकडे लक्ष ठेवा. आणि एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.